आतल्या खोलीतलं मत

लाईट इतक्यात यायची नाही, म्हणून सांगते. एरवी हे मी कुणाजवळ बोलत नाही.

एकोणनव्वद सालचा उन्हाळा होता. मी धुळ्याला, देवपुरात राहत होते. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं आणि हाताला काम नव्हतं. तेव्हा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला टीव्ही पाहणाऱ्यांची मतं गोळा करायची होती. दर मंगळवारी रात्री एक हिंदी मालिका लागायची. मोठं घर, एक सासू, दोन सुना आणि तोंड न उघडणारा थोरला मुलगा. ती पाहून लोकांना कुणाचं वागणं बरोबर वाटतं, कुणाचं चूक आणि का, हे घरोघरी विचारून फॉर्मवर लिहायचं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा वेगळा फॉर्म. मला दोंडाईचा मिळालं. वीस घरं, सहा गुरुवार. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचं.

काम मला आवडलं. लोक आधी लाजायचे आणि मग असे बोलायचे, की मालिकेतली माणसं त्यांच्याच गल्लीत राहत असावीत. किराणावाले चंपालाल म्हणायचे, "त्या थोरल्याला दोन मुस्काटात द्या म्हणावं, आपोआप बोलेल." मिरचीच्या खळ्याजवळ राहणाऱ्या पानबाई मला आवाज खाली आणून सांगायच्या, "धाकटी सून वरून गोड आहे. तिच्यावर नजर ठेवायला सांगा." मी जाऊन त्या सासूला निरोप देणार होते जणू.

काही घरांत आधी आडनाव विचारत. बैसाणे म्हटलं, की पाणी ओट्यावरच मिळे, तेही वरून ओंजळीत. पानबाईंच्या शेजारच्या झुंबरबाईंकडे तसं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला आणि मला घरात बसवलं.

झुंबरबाई साठीच्या. सोबत त्यांचा मुलगा अभिमन, मिरचीचा व्यापारी. हंगाम सरला होता, पण त्या घराच्या भिंतींतून मिरचीचा ठसका गेला नव्हता. बाहेरून आत पाऊल टाकलं, की घसा धरायचा. पुढच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला टीव्ही. त्याच्या बाजूला आतल्या खोलीचं दार, दाराला जाड हिरवा पडदा. फटीतून मिरचीची पोती दिसायची. दुपारचे तीन वाजलेले असायचे, ऊन इतकं, की गल्लीत कुत्रंही नसायचं. छपराचे पत्रे मधूनच तडकल्यासारखे वाजायचे.

त्या आठवड्यात मालिकेतल्या सासूनं घराच्या किल्ल्या थोरलीला डावलून धाकटीला दिल्या होत्या. मी झुंबरबाईंना विचारलं, "सासूचं वागणं तुम्हाला कसं वाटलं?"

"बरोबरच शे," त्या म्हणाल्या. "जिले सांभाळता येस, तिले देवाना."

मी लिहून घेतलं. तेवढ्यात पडद्याआडून एक बारीक, दमलेला आवाज आला.

"सासू बरोबर शे. थोरलीनी मांगंच नही कधी."

मी मान वर करून विचारलं, "आत कोण आहे?"

झुंबरबाई माझ्याकडे पाहत होत्या. पापणी लवत नव्हती. मग म्हणाल्या, "वहू शे."

"मग सूनबाईंचाही फॉर्म भरते. नाव काय ताई तुमचं?"

"बेबाबाई," आतून आलं.

"वय?"

"बावीस."

मी दुसरा फॉर्म काढला आणि पडद्याकडे तोंड करून सगळे प्रश्न विचारले. ती थोडक्यात उत्तरं द्यायची. पण कुणी आपलं मत विचारतंय याचं नवल त्या आवाजात ऐकू यायचं. मी उठले तेव्हा झुंबरबाई माझ्या मागे दारापर्यंत आल्या. "पुढल्या गुरुवारले येशी ना, बेटा?" त्यांनी विचारलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो बर्फासारखा गार होता.

दुसऱ्या गुरुवारी माझी बसायची जागा बदललेली होती. पाट पडद्याच्या अगदी समोर मांडला होता. अभिमनभाऊ दुकान सोडून घरी थांबले होते. कोपऱ्यात, टोपी दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून बसलेले. मी त्यांना प्रश्न विचारला तर म्हणाले, "आमचं राहू द्या. तिला विचारा."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. त्या दोघांपैकी कुणीही पडद्याकडे पाहिलं नाही. तिच्याशी एक शब्द बोललं नाही. मला त्यांचा रागच आला. सुनेला एवढंही बाहेर येऊ देत नाहीत, असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मालिकेत थोरली सून आजारी पडली होती. माडीवरून ती सासूला हाका मारते, सासू खाली पाहुण्यांत बसलेली, वर जात नाही. त्या भागावर दोंडाईच्यात सगळे भडकले होते. वीसपैकी अठरा घरांनी सासूला चूक ठरवलं. झुंबरबाईंनी त्या दिवशी मत दिलं नाही. म्हणाल्या, "मी दखं नही." मग मी पडद्याआड विचारलं.

"सासूनं काय चुकनं?" आवाज म्हणाला. "तिले ऐकू उनं नसी."

कोपऱ्यात अभिमनभाऊंच्या हातातली टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. झुंबरबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

चौथ्या गुरुवारी मी आधी पानबाईंकडे गेले. त्यांचं लिहून झाल्यावर सहज म्हटलं, "शेजारच्या बेबाबाई फार विचार करून बोलतात. पण त्यांना कधी बाहेर पाहिलं नाही."

पानबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता तसाच थांबला.

"कुठल्या बेबाबाई?"

"झुंबरबाईंची सून."

"ती माघातच गेली की," पानबाई हळू म्हणाल्या. "तापानं. चार महिने होतील आता. तुम्हाला कुणी सांगितलं तिचं नाव?"

माझ्या पिशवीत तिच्या नावाचे तीन फॉर्म होते. माझ्याच अक्षरातले. त्या दिवशी मी शेजारी गेले नाही. एस.टी.त बसून ते तीन फॉर्म परत परत वाचले. मनाला समजावलं, की घरात दुसरी कुणी असेल, सोयरीक नवी असेल, नाव लपवत असतील. पण एक गोष्ट मला छळत होती. तीन आठवड्यांत त्या पडद्याआड कधी बांगडी वाजली नव्हती. भांडं सरकलं नव्हतं. आवाजाशिवाय तिथे काहीच नव्हतं.

पाचव्या गुरुवारी मी ते घर टाळणार होते. पानबाईंच्या ओट्यावरून उतरले तर झुंबरबाई उन्हात उभ्या. अनवाणी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मागला गुरुवारले तू उनी नही," त्या म्हणाल्या. "पंधरा दिन ती बोलनी नही."

"आजी, मला पानबाईंनी सांगितलं..."

"सांगूच दे." त्यांनी माझा हात धरला. "आम्हीन इचारं तर ती बोलत नही. तू इचारं की बोलस. जिती व्हती तवय तिले कोनी काही इचारं नही ना... आते तुन्हाजोडेच बोलस."

हात सोडवून मी निघून जायला हवं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत जे होतं, ते पाहून मी थांबले. आम्ही त्यांच्या ओसरीत टेकलो. तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं, आवाज इतका खाली, की मला वाकून ऐकावं लागलं.

माघ महिना, मिरचीचा ऐन हंगाम. घरात नवा टीव्ही आला होता. सुनेला तीन दिवस ताप होता. ती तशीच खळ्यावर जात होती, तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीत पोत्यांजवळ आडवी झाली. रविवार होता. संध्याकाळी पिक्चर लागला, सगळी गल्ली पुढच्या खोलीत येऊन बसली. मध्येच आतून हाक आली. माय, पानी.

"दोन येळा उनी," झुंबरबाई म्हणाल्या. "माले ऐकू उनं व्हतं, बेटा. मी म्हनं, पिच्चर सरू दे. एवढ्या लोकेसमधून कशी उठू... पिच्चर सरना. मी तांब्या लिसन गऊ..."

मग डोळे पुसून म्हणाल्या, "ती सांगस, सासूले ऐकू उनं नसी. दर येळे सासूलेच बरोबर म्हनस. माले सहन व्हत नही. तू तिले एकच इचार. सासूले ऐकू उनं व्हतं, मंग?"

"कशाला आजी? ती तुम्हाला बोल लावत नाहीये. राहू द्या तसंच."

"खोटावर माफी नको माले."

आम्ही आत गेलो. अभिमनभाऊ त्याच कोपऱ्यात होते. मी पाटावर बसले. फॉर्म काढला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. पेन घामानं निसटत होतं. मी त्या हाकांच्या भागाचेच प्रश्न पुन्हा विचारले, तिनं तीच उत्तरं दिली. सासूचं वागणं बरोबर. तिला ऐकू आलं नसेल.

"आणि..." मी पेन खाली ठेवलं. "सासूला ऐकू आलं असेल, तर?"

आत काही नाही. पत्रा तडकला. पोत्यांवर एक माशी घोंघावत होती, तीही थांबली. मिरचीचा वास एकदम इतका वाढला, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. झुंबरबाईंनी डोळे मिटले होते.

मग मला दिसलं, की पडद्याचं कापड एका जागी आत ओढलं जातंय. जमिनीपासून दोन हातांवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे. कापड आत खोल जायचं, परत यायचं. आत जायचं, परत यायचं. धाप लागलेल्या माणसाचा श्वास असतो तसं.

आणि आवाज आला तो खोलीतून नाही. पडद्याला लागून, माझ्या गुडघ्यांपाशी.

"मंग... पानी काबर नही लयनी?"

मी मागे सरकले. अभिमनभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. झुंबरबाई मात्र उठल्या. त्यांनी माठातून तांब्या भरला, पडदा बाजूला केला आणि आत गेल्या. पडदा मागे पडला.

घोट घेतल्याचा आवाज येऊ लागला. घट, घट, घट. मोठ्या तहानेचं माणूस न थांबता पितं तसा. एका तांब्यात किती पाणी मावतं, हे आपल्याला ठाऊक असतं. ते पाणी संपायला हवं होतं, तेव्हा आवाज संपला नाही. मग झुंबरबाई बाहेर आल्या. तांब्या रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माठात बुडवून पुन्हा भरला आणि आत गेल्या. तिसऱ्यांदा त्या माठाशी वाकल्या, तेव्हा मी पिशवी उचलून निघाले. स्टँडपर्यंत पळत गेले त्या उन्हात.

सहाव्या गुरुवारी त्या घरापुढे मी 'घर बंद' असं लिहिलं. घर बंद नव्हतं. दार उघडं होतं, मी गल्लीच्या तोंडावरूनच पाहिलं. झुंबरबाई डोक्यावर हंडा घेऊन खळ्याच्या विहिरीवरून येत होत्या. कंबरेत वाकल्या होत्या. मला वाटतं, त्यांनी मला पाहिलं. पण त्या थांबल्या नाहीत.

काम संपलं. मालिकाही पुढे महिन्याभरात संपली. शेवटी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या म्हणे, मी काही पाहिली नाही.

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. एका सकाळी धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेडा-दोंडाईचा फलाटाजवळ मला अभिमनभाऊ दिसले. अंगावरचा सदरा ढगळ झाला होता. मी तोंड चुकवणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"ताई, एकदा येता का घरी?"

"आजी कशा आहेत?"

"माय पाणी भरते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. दिवसाला वीस-पंचवीस हंडे आत जातात." ते माझ्याकडे न पाहता, मोजून मापून बोलत होते. "मी आत जाऊन पाहिलं. सारवलेली जमीन आहे. बोट लावलं तर धूळ लागते बोटाला. पोती कोरडी. पाणी कुठे जातं, कळत नाही. विहीर तळाला गेली. तुम्ही येऊन तिला एवढंच विचारा, की पुरे झालं का."

मी म्हणाले, "भाऊ, तुम्हीच विचारा ना. तुम्ही नवरा आहात तिचे. तुम्ही कधी विचारलंच नाही, म्हणून तर..."

"इचारं," ते म्हणाले. इतका वेळ माझ्याशी शुद्ध बोलत होते, ते सुटलं. "परवा दिन इचारं मी."

"बोलली?"

"बोलनी."

"काय म्हणाली?"

त्यांनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा घातली.

"म्हने, तुम्हले बी ऐकू उनं व्हतं का?"

गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडे धावली. तुम्ही काय उत्तर दिलंत, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते वाकले, बाकाखालून काहीतरी ओढून काढलं आणि खांद्यावर घेऊन गाडीत चढले. ती एक नवी कोरी बादली होती, कागदात गुंडाळलेली. तिच्या आत तशीच दुसरी, आणि तिच्या आत तिसरी.