तिच्या फोनवरच्या जाहिराती

इंटरनेटवरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. ऑफिसात त्याला ‘झाडूवाले’ म्हणत. घरातल्या सगळ्या फोनवर त्याने स्वतःच ब्लॉकर बसवला होता. बायकोचा तेवढा सुटला. “अहो, राहू द्या,” ती म्हणायची, “बाजारात चक्कर मारून आल्यासारखं वाटतं.”

ती गेली, पण तिचा फोन बंद करणं त्याच्या जिवावर आलं. संध्याकाळी तो तिचं अकाउंट उघडून बसे. नातेवाइकांची सहल, नातेवाइकांचे सल्ले, आणि मधूनमधून पंखे, सुती गाऊन. तिला उकाडा सोसायचा नाही. ऐन थंडीतही पंखा लागायचा. ती गेल्याचं जाहिरातवाल्यांना कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

मग शाल आली. मग लोकरीचे मोजे, जाड पांघरूण.

जाहिरात बघणाऱ्याच्या मागे जाते, हे तो नवशिक्यांना शिकवायचा. इथे बघणारा तो एकटाच होता, आणि त्याला थंडी वाजत नव्हती.

कुणाला न सांगता त्याने शाल मागवली, तिच्या कपाटात ठेवली. घेतलेल्या वस्तूची जाहिरात पुढे कितीतरी दिवस पिच्छा सोडत नाही, हा या धंद्याचा जुना मूर्खपणा. ही मात्र त्याच दिवशी थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या तळाशी शालीचं लेबल पडलेलं दिसलं. दातांनी तोडलेलं. कात्री शोधायचा तिला कायमचा कंटाळा.

नंतर टॉर्च दिसू लागले. तोही त्याने आणून ठेवला.

मग पुरुषांचे वाचायचे चष्मे. नंबर त्याचाच.

लेक भेटायला आली तेव्हा तिने नेमकं ते कपाट उघडलं.

“बाबा, हे काय मांडलंय?”

“आईला लागतंय. तिच्या फोनवर जाहिराती येतात.”

“जगाच्या जाहिराती अडवता आणि स्वतःच गिऱ्हाईक होऊन बसलात?” ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. “आई गेली, बाबा. तुम्ही तरी राहा ना माझ्याजवळ. बसवा तो ब्लॉकर.”

“बसवतो.”

बसवला. जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन उरले. ते त्याला बघवेनात.

लेक चहा ठेवायला आत गेली. कपबश्या वाजल्या.

त्याने ब्लॉकर काढला. चष्मा परत आला.

त्याने तो मागवला.

त्याने कितीही खाली सरकवलं तरी तिच्या फोनवर एकही जाहिरात आली नाही. तिला आता काहीच नको होतं.

लेक स्वतःचा फोन बघत बाहेर आली.

“बाबा, तुमचा ब्लॉकर माझ्याकडे नीट चालत नाहीये.”

“का गं?”

“मघापासून फोटोफ्रेमची जाहिरात येतेय. शेजारीशेजारी दोन फोटो बसतील अशी.”