राजदूतच्या टाकीवरची दांडी

थ्री फेजच्या विजेची पाळी रात्री बाराची होती. निलंग्याच्या अलीकडं, उसाच्या बांधावर चार पोरं मोटार सुरू करायची म्हणून जागी होती आणि मोबाइलवर भुताचे व्हिडिओ बघून हसत होती. बाजेवर आडवे झालेले शिवमूर्तीआप्पा उठून बसले. आप्पांनी लातुरात चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या. आता हात कापतात म्हणून गावाकडं आलेले.

"बंद करा ते," आप्पा म्हणाले. "मी सांगतो. माझ्या हातानं बांधलेल्या गाडीचं हाय. किल्लारीचा भुजंग. जिता हाय अजून, जाऊन इचारा."

पोरांनी मोबाइल पालथे ठेवले.

भुजंग साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. माणूस सरळ. कुणाशी भांडण नाही, कुणाशी हसणं नाही. लग्नात जेवायचा, मयतीला जायचा, दोन्हीकडं तोंड सारखंच. त्याची बायको गीतांजली एकदा आप्पांच्या बायकोजवळ म्हणाली होती, "मामी, माणूस लई चांगला हाय. पण आत कुणी राहतच न्हाई असं वाटतं."

त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला, पहाटे तीन छप्पनला भूकंप झाला तेव्हा भुजंग अकरा वर्षांचा होता. त्या रात्री तो निलंग्याला मावशीकडं गेला होता म्हणून वाचला. आई, वडील भागवत आणि सहा वर्षांची बहीण सिंधु, तिघंही घराखाली गेली. तिसऱ्या दिवशी मावशीचा नवरा त्याला घेऊन आला तोवर सगळं उरकलं होतं. दगडमातीतून ओढून काढलेली वडलांची राजदूत मोटारसायकल तेवढी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. भुजंग तिच्याजवळ जाऊन बसला. रडला नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

गाडी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात आली ती पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून राहिली. एकोणतीस वर्षं. मग दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात भुजंगनं ती टेम्पोत घातली आणि लातुरात आप्पांच्या गॅरेजच्या दारात आणून उतरवली.

"चालू करायची," तो म्हणाला.

"का रे, आत्ताच?"

"शेड पाडायलेत."

एवढंच. आप्पांनी गाडी सगळी खोलली. भागवत मोठा हौशी माणूस असला पाहिजे. पायापुढचा रुंद लेगगार्ड, वर उचललेला हँडल, मागचं कॅरिअर, सगळं त्यानं आपल्या मनासारखं घडवून घेतलं होतं. आणि टाकीवर, हँडलच्या अलीकडं, एक वीतभर लांबीची आडवी दांडी. लेथवाल्याकडून वळवून, दोन पायांवर बसवलेली. अशी दांडी कुठल्याच राजदूतला नसते.

"ही कशाला रे?"

"सिंधु टाकीवर बसायची. तिला धरायला."

गंज इतका चढला होता की बोट लावलं की पापुद्रे सुटायचे. लातुरात क्रोम चढवायचं असं सुटं काम घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून आप्पांनी नांदेडच्या सिद्रामप्पाचा पत्ता दिला. जुना कारागीर. जुना थर तेजाबात काढायचा, भाग घासून पुसून तांब्याच्या पाण्यात, मग निकलच्या, शेवटी क्रोमच्या. भुजंगनं सगळे भाग पोत्यात बांधले आणि एसटीनं नांदेडला नेऊन दिले.

वीस दिवसांनी सिद्रामप्पाचा फोन आला. माल तयार आहे, पण स्वतः या.

भुजंग गेला. लेगगार्ड, हँडल, कॅरिअर एका चादरीवर मांडून ठेवलेलं. आरशासारखं. त्यात भुजंगला आपलं तोंड दिसलं, वाकडं, लांबट. सिद्रामप्पानं दांडी मात्र फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवली होती.

"हे धरंना बगा," तो म्हणाला. "तेल असलं, घाम असला, तर क्रोम धरत न्हाई. मला वाटलं घासण्यात कसर राहिली. परत काढलं. परत चढवलं. तीन येळा केलं. चाळीस वरसांत मी एक भाग तीन येळा केला न्हाई."

त्यानं फडकं सोडलं. दांडी झगझगीत होती, दोन जागा सोडून. तिथं धातू काळपट, मंद. प्रत्येक जागी वरून चार पट्टे आणि खालून एक. बारीक बारीक. जणू कुणी दोन्ही मुठींनी दांडी घट्ट धरून ठेवली होती आणि क्रोमच्या पाण्यातही सोडली नव्हती.

"लेकराचा हात हाय," सिद्रामप्पा हळूच म्हणाला. "रोज सकाळी तेवढ्या जागी ओल येते. मी पुसून ठेवतो. मालक, एक सांगू? बाकीचं बसवा. हे बसवू नका."

भुजंग त्या पट्ट्यांकडं बघत राहिला. त्याला भूकंपाच्या आदल्या दुपारचा एसटी स्टँड आठवला. निलंग्याची गाडी लागलेली. वडलांनी त्याला सोडायला राजदूत आणलेली, आणि टाकीवर सिंधु. तिलाही यायचं होतं. तिनं दांडी धरून ठेवली, मी उतरत न्हाई, मला बी ने दादा. भुजंगला उशीर होत होता. त्यानंच तिची बोटं सोडवली होती. एकेक करून. वडलांना म्हणाला, घेऊन जा हिला. मग सिंधुला म्हणाला, उद्या येतो, मग तुला लई लांब फिरवून आणतो.

हे त्यानं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सिद्रामप्पालाही सांगितलं नाही.

"बांधून द्या," तो म्हणाला.

आप्पांनीही त्याला अडवून बघितलं. पण गाडी त्याची. शेवटच्या दिवशी सगळं बसवता बसवता रात्र झाली. कार्बोरेटर त्रास देत होता. गाडी नीट सुरू झाली तेव्हा एक वाजून गेला होता.

"हितंच झोप," आप्पा म्हणाले. "इंजन नवं बांधलंय. तिसाच्या वर पळवायचं न्हाई, दर दहा किलोमीटरला थांबून गार करायचं. पहाट होईल पोचायला."

"सकाळी आठची ड्युटी हाय."

तारीख दोघांच्याही ध्यानात नव्हती. गुरुवार संपून शुक्रवार लागलेला, नवरात्राची चौथी माळ. एकोणतीस सप्टेंबर संपून तीस लागलेला.

औशापर्यंत काही झालं नाही. चंद्र कधीच मावळला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं, हेडलाइटच्या पिवळ्या गोलात तेवढंच दिसायचं. इंजिन गार करायला भुजंग थांबला, दहा मिनिटं उभा राहिला, परत किक मारली.

औसा मागं पडलं आणि गाडी पुढून जड झाली.

आधी त्याला वाटलं, चाकातली हवा गेली. उतरून दाबून बघितलं. हवा होती. परत बसला. गाडी परत जड. वळणावर हँडल उशिरा वळायचा, टाकीवर कुणी बसलं की वळतो तसा. मग डाव्या दंडावर काहीतरी टेकलं.

आधी हलकं. मग सगळा भार.

झोपलेलं लेकरू ज्यांनी कधी हातावर घेतलंय, त्यांना तो भार माहीत आहे. तो वेगळाच असतो. सुटत नाही. भुजंगचा डावा हात कोपरापासून बधिर व्हायला लागला. मुंग्या आल्या. त्यानं हात झटकला नाही. हलवलाही नाही.

खालीही बघितलं नाही.

भीती वाटली का, असं आप्पांनी त्याला पुढं विचारलं होतं. तो म्हणाला, "न्हाई आप्पा. काहीच वाटलं न्हाई. फक्त वाटलं, हात हलवला तर ती जागी होईल."

नवरात्र म्हणून लामजना पाटीच्या फाट्यावर एक टपरी रात्रभर उघडी होती. जाड भिंगाचा चष्मा लावलेली म्हातारी स्टोव्ह पेटवून बसलेली. गिऱ्हाईक नव्हतं. भुजंगनं गाडी थांबवली. उतरला नाही. बसूनच चहा मागितला, उजव्या हातानं घेतला.

म्हातारी ग्लास देता देता थांबली.

"लेकरू पार गळालंय की, बाबा," ती म्हणाली. "असं एका हातावर कुठवर नेशील? पडंल की ते."

भुजंगनं चहाचा एक घोट घेतला.

"टावेल दे तुझा."

त्यानं गळ्यातला टॉवेल काढून दिला. म्हातारीनं तो पुढून घेतला, काखांखालून मागं आणला आणि त्याच्या पाठीवर गाठ मारली. टॉवेल ताणला गेला. त्याच्या पोटापासून वीतभर पुढं, टाकीच्या वर. मध्ये काहीतरी असल्यासारखा गोल राहिला. म्हातारीचा हात पुढं गेला, तिथं टेकला आणि झटकन मागं आला.

"अगं बया... केवढं गार पडलंय रे हे..."

भुजंगनं चहाचा ग्लास परत केला. किक मारली. मागून म्हातारी काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही.

पुढं रस्ता मोकळा. गाडी तिसावर. आवाज फक्त इंजिनाचा. आणि मध्येच... इंजिनाचा नव्हे असा एक. बारीक. नाकातून घेतलेल्या श्वासासारखा. सर्दी झालेल्या लेकराचा.

तो ऐकत राहिला.

किल्लारीच्या अलीकडं रस्ता फुटतो. एक नव्या गावाला. एक जुन्या गावाकडं, जिथं आता नुसत्या बाभळी आणि दगडांचे ढीग. भुजंगला नव्या गावाला वळायचं होतं. हँडल वळलाच नाही. त्यानं जोर लावला नाही.

गाडी जुन्या वाटेला लागली.

शंभरेक पावलं गेली. इंजिन बंद पडलं. दिवा विझला.

अंधार.

रातकिडेसुद्धा नव्हते.

भुजंगनं पाय टेकले. खिशातला मोबाइल आपोआप उजळला, कुठलासा मेसेज. वर वेळ दिसली. तीन पंचावन्न.

मग विझला.

हातावरचा भार हलला. डोकं वर उचलल्यासारखा.

"दादा."

त्यानं उजव्या हातानं हँडल धरून ठेवला.

"आलं का रं घर?"

समोर बाभळीत काळोख. त्या काळोखात कुणीतरी उभं होतं का... दोघं होते का... भुजंगला अजून सांगता येत नाही. त्याचा उजवा हात चाचपडत पुढं गेला. दांडीवर. तिथं दोन मुठी होत्या. गार. ओल्या. घट्ट आवळलेल्या.

पुढं तो आप्पांना म्हणाला, तेवढ्यात आपल्याला कळलं. आपण ती बोटं सोडवली तर सोडवता येतील. एकेक करून. मागच्यासारखी. किंवा गाडीवरून उतरून तिच्याबरोबर त्या बाभळीत जाता येईल. दोन्ही सोपं होतं. दोन्हीचं काही वाटत नव्हतं.

त्यानं बोटं सोडवली नाहीत.

उतरलाही नाही.

तिच्या मुठींवर आपला हात ठेवून बसून राहिला.

"हाव," तो म्हणाला. "आलं. तुला सोडायचं तवा सोड."

किती वेळ गेला...

खालची जमीन एकदा शहारली. फार नाही. गाडीचं स्टँड किणकिणलं, एवढंच.

मग त्याच्या हाताखालची करंगळी सैल झाली. मग तिच्या शेजारचं बोट. मग...

टाकी हलकी झाली.

धुळीत पावलं वाजली. बारकी. अनवाणी. पळत गेली. बाभळीत कुठंतरी बायकी आवाज आला, रागावल्यासारखा, केवढा उशीर गं...

मग रातकिडे सुरू झाले.

टॉवेल त्याच्या मांडीवर गळून पडला होता. पाठीवरची गाठ तशीच होती.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. भुजंग घरी पोचला तेव्हा गीतांजलीनं दार उघडलं. त्याचं तोंड बघून ती मागं सरली. एवढ्या वर्षांत तिनं ते तोंड असं ओलं बघितलं नव्हतं. रडत होता असंही नाही. डोळ्यांतून पाणी आपलं गळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"काय झालं ओ?"

"सिंधुला घरी सोडून आलो," तो म्हणाला आणि आत जाऊन झोपला. ड्युटी पहिल्यांदाच चुकली. डावा हात तीन दिवस बधिर होता, मग बधिरपणा उतरला.

आप्पा थांबले. विहिरीकडून गार वारा आला. चौघांतला सत्यम म्हणाला, "आप्पा, त्याला झोप लागली आसंल गाडीवर. सपान पडलं आसंल."

"मी बी तसंच म्हणलो," आप्पा म्हणाले. "त्याच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर म्हणलो. गीतांजली उठली. आत जाऊन एक काडेपेटी आणली. म्हणली, त्या दिवशी शर्ट धुवायला घेतला, वरच्या खिशात हे सापडलं. आमच्या घरात बारकं लेकरू न्हाई, आप्पा."

"काय होतं?"

आप्पांनी तळहात पुढं केला, रिकामा, आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"दुधाचा दात. पुढचा. मी गेल्या दिवाळीत परत बघून आलो. इतकी वरसं झाली... मुळाशी अजून ओला हाय."