मिठाच्या कोठाराची खिडकी

त्यांची ओळख झाली तीच भांडणाने, आणि तेही चारचौघांत. जुन्या गावाच्या समुद्राकडच्या तटाखाली पर्यटकांचा घोळका माना वर करून उभा होता आणि गाईड हात उंच करून भिंतीतली एक छोटीशी खिडकी दाखवत होता.

"याच खिडकीत ती रोज संध्याकाळी दिवा घेऊन उभी राहायची. तिचा खलाशी काही परत आला नाही. पण ती उभीच राहिली... पार म्हातारी होईपर्यंत."

आवाज असा लावला होता, की ऐकणाऱ्याने आवंढाच गिळावा. एका बाईंनी तर रुमालही काढला.

"ही मिठाच्या कोठाराची खिडकी आहे," घोळक्याच्या मागून एक मुलगी म्हणाली. "आत हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली. तिथे कुणाला उभंच राहता येणार नाही. आतून पायाखाली जमीनच नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. मुलगी लालेलाल झाली. तिला हे खरं तर मनातल्या मनात म्हणायचं होतं. पण दोन वर्षं परदेशात राहून जुन्या इमारतींचा अभ्यास केल्यापासून तिची जीभ तिचं ऐकेनाशी झाली होती.

गाईडने कपाळाला हात लावला. "बघा मंडळी, इतकी वर्षं ती बिचारी अधांतरी उभी आहे आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

घोळका हसला, रुमाल परत पर्समध्ये गेला आणि सगळे पुढच्या पायऱ्यांकडे निघाले. "पायऱ्या झिजल्यात, जपून उतरा," असं सगळ्यांना बजावून तो मात्र तिच्यासाठी मागे थांबला.

"मास्तरीणबाई, उद्याही येणार आहात का? नाही, आधी कळलं तर बरं. मी उद्या आजारी पडतो."

"तुम्ही रोज एवढ्या थापा मारता?"

"छे, रोज कुठे? सोमवारी सुट्टी असते."

ती हसली. पुढचं सगळं आधी कळलं असतं, तर ती त्या दिवशी तोंड मिटून गप्प उभी राहिली असती. पण कळत नाही ना ते कुणाला.

तिची परीक्षा संपली होती. घरी परतायचं तिकीट उन्हाळ्याच्या शेवटचं काढलेलं होतं, आणि मधले दिवस तिने स्वतःसाठी मागून घेतले होते. आजवर पुस्तकात पाहिलेली गावं, किनारे, बुरूज एकदा डोळ्यांनी बघायचे आणि मग मुकाट्याने घरी जायचं, असा बेत होता. राहायला मावशी होती. मावशीचं जुन्या गावात कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. खाली शिलाईचं मशीन, इस्त्रीचं टेबल, हँगरला टांगलेले लोकांचे कोट. आणि वर एक उतरत्या छपराची खोली, जिच्यात उभं राहिलं की हमखास डोकं आपटायचं. त्या खोलीच्या खिडकीतून तो दिसायचा. सकाळी हात उंच करून घोळका पुढे नेणारा.

पहिल्याच सोमवारी तो दुकानाच्या दारात हजर झाला. कोटाचं बटण तुटलंय म्हणाला. मावशीने कोट उलटापालटा करून पाहिला. "हे तुटलेलं नाही, कापलेलं आहे," ती म्हणाली आणि वरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, खाली ये. तुझं बटण आलंय."

मग दर सोमवारी बस. डोंगरावरचं घंटेचं गाव, वेशीत दोन दगडी सिंह असलेलं गाव, किनाऱ्यावरची ती रंगीत होड्यांची वस्ती, जिथे प्रत्येक घराच्या दाराला त्याच्या होडीचाच रंग दिलेला होता. ती दिसेल त्या भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायची. तो पाटीवर नसलेलं सगळं सांगायचा.

"हा उजवीकडचा सिंह रुसलाय. डावा त्याच्याशी बोलत नाही म्हणून."

"तो झिजलाय. त्या बाजूने खारं वारं येतं."

"तुम्हाला लहानपणी कुणी गोष्टी सांगितल्या नाहीत का हो?"

"सांगितल्या. मी झोपायचे."

होड्यांच्या वस्तीत वाळूवरून चालताना एका लाटेने तिची एक चप्पल नेली. ती बघतच राहिली. तो धावला, गुडघ्यापर्यंत भिजला, चप्पल काही मिळाली नाही. मग त्याने आपल्या पायातली एक काढून तिच्यापुढे ठेवली. तिच्या पायात ती नावेएवढी झाली. बसथांब्यापर्यंत दोघं लंगडत गेले, तो एका पायाने अनवाणी, ती एका पायाने फटक फटक वाजत.

"थापाड्या, हे तू माझ्यासाठी करतोयस की पुढच्या गोष्टीसाठी?"

तो थांबला. "काय म्हणालात?"

"कुठे काय?"

"मला 'तू' म्हणालात."

"वाऱ्यात नीट ऐकू येत नाही हं इथे," ती म्हणाली आणि फटक फटक पुढे निघून गेली. मागून तो बराच वेळ हसत होता. परतताना बसमध्ये तिला झोप लागली. जाग आली तेव्हा डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तो हात अवघडून गेला तरी तसाच बसून होता. तिने डोळे पुन्हा मिटून घेतले, झोप उडालेली असूनही.

"मी उन्हाळ्यापुरतीच आहे हं," उतरताना ती म्हणाली. लाडात येऊन बोलली होती. त्याने काहीतरी म्हणावं, निदान तोंड पाडावं, एवढीच अपेक्षा.

"माहीत आहे," तो म्हणाला. "इथे सगळे उन्हाळ्यापुरतेच येतात."

हे वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. त्यानंतर तो 'थांब' म्हणेल म्हणून तिने किती वेळा वाट पाहिली. एकदा अचानक सर आली आणि दोघं जाळी वाळवायच्या पत्र्याखाली शिरले. पत्र्यावर पाऊस नुसता तडतडत होता. तिच्या कपाळावरची ओली बट त्याने बोटाने बाजूला केली... आणि बोट तिथेच राहिलं.

"मास्तरीण—"

"बोल ना."

तो बाहेर बघत राहिला. "पाऊस थांबला," थोड्या वेळाने म्हणाला. तिला त्या पावसाचा इतका राग आला, की परतीच्या वाटेत तिने एकही पाटी वाचली नाही.

उन्हाळा उतरणीला लागला. सावल्या लांबल्या, घोळके रोडावले. अशात गावातल्या संग्रहालयाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. तळघरात जुने कोरीव दगड पडून होते, ते नीट लावायला वर्षभर माणूस हवं होतं. "राहतेस का?" त्यांनी विचारलं. "सोमवारपर्यंत सांग."

ती धावतच दुकानात आली, पण आनंद काही जिने चढून वर आला नाही. राहायचं कुणासाठी? दगडांसाठी? घरी आई एकेक दिवस मोजत होती, बाबांनी तिची खोली रंगवून घेतली होती. त्यांना नाही म्हणायचं, तर इथे कुणीतरी हो म्हणायला हवं. आणि तो तर रोज भेटत होता, हसवत होता, पण 'थांब' हा एक शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता.

मावशी एका पँटची शिवण उसवत होती. "मीही एका उन्हाळ्यासाठीच आले होते," ती मान वर न करता म्हणाली. "तुझे काका तेव्हा गिऱ्हाईकाचं माप घेत होते. टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, जायलाच हवं का? बस, एवढंच. तेवढ्या शब्दांवर मी जन्म काढला बाई, आणि ते गेल्यावरही काढतेय."

"हा नाही विचारत, मावशी."

"मग तू सांग. तोंड तुलाही आहे. चांगलं चुरूचुरू चालतं."

म्हणून रविवारी सकाळी ती निघाली. ऊन चढलं होतं, मावशीची रुंद काठाची गवती टोपी तिने डोक्यावर घातली. मी थांबतेय, एवढंच म्हणायचं. तो विचारेल की नाही, त्याची वाट बघायची नाही. चालताना ती ते वाक्य पुटपुटत होती.

तो तटाखाली होता. घोळक्यासमोर. ती गुपचूप सगळ्यांच्या मागे उभी राहिली. गोष्ट होऊन जाऊ दे, मग बोलू.

"ही खिडकी," त्याने हात उंच केला. तिला हसू आलं. आता दिवा, खलाशी, म्हातारी. पण तो म्हणाला, "इथे एकदा एक मुलगी आली होती. विद्यार्थिनी. मला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं तिने."

लोक हसले. तीही हसली, टोपीखाली.

"भिंतीवरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. एकदा समुद्राने तिची चप्पल नेली, तर माझी घालून लंगडत आली. बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. जागी झाली होती, पण डोळे उघडले नाहीत. मला कळलं होतं."

तिचं हसू तिथेच गोठलं. हे तिचं होतं. हे तिने मावशीलाही सांगितलं नव्हतं.

"मग उन्हाळा संपला," तो म्हणाला. तोच आवाज, तोच आवंढ्याचा आवाज. "आणि ती गेली. जाताना एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही."

एका बाईंनी पर्समधून रुमाल काढला. पुढे उभे असलेले एक आजोबा काठीवर रेलून म्हणाले, "अरे, मग तू तिला थांब नाही म्हणालास?"

"थांबणारी माणसं गोष्टीत येत नाहीत, आजोबा."

ती अजून इथे होती. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, पायाखाली गरम दगड, डोक्यावर मावशीची टोपी. आणि त्याने तिला आधीच धाडून दिलं होतं. नेऊन उभं केलं होतं त्या खिडकीत, जिच्या आत जमीन नाही. किती जणांसमोर सांगितली असेल ही गोष्ट? आवाज कुठे कापरा करायचा, तेही बसवून झालं होतं त्याचं.

तिने टोपी काढली.

त्याचा उंचावलेला हात तसाच राहिला. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

"पुढे पायऱ्या आहेत ना?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा सरळ निघाला. "झिजल्यात त्या. तुमच्या मंडळींना सांगा, जपून उतरा म्हणावं."

संध्याकाळी तो दुकानात आला. या वेळी कोट नव्हता. मावशीने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं, धागा न ओवताच.

"ऐक ना," तो म्हणाला. "तू जाणारच होतीस. दरवर्षी कुणी ना कुणी जातंच. शेवट आधीच सांगून टाकला की... सवय होते. नंतर इतकं लागत नाही."

"मग लागलं का कमी?"

त्याने टेबलावरची इस्त्री उगाच सरळ केली.

"मी थांबते म्हणून सांगायला आले होते सकाळी."

मशीन थांबलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि या वेळी ते खरं होतं. पण खरं आणि खोटं तिला आता वेगळं कळेनासं झालं होतं. सगळ्यात वाईट तेच होतं.

"मग थांब," तो म्हणाला. "थांब ना."

किती दिवस कान लावून बसली होती ती या शब्दासाठी. आणि आला तेव्हा तो नुसता कानावर पडला, आत कुठे पोचलाच नाही.

"हे मी सांगितल्यावर सुचलं तुला," ती म्हणाली. "तू तर मला केव्हाच निरोप दिला होतास. रोज देत होतास. मीच तेवढी राहिले होते जायची."

तो गेल्यावर मावशीने मशीनवर झाकण घातलं. ती भाचीच्या पाठीवर नुसता हात फिरवत बसली. सोमवारी संग्रहालयाच्या बाईंना नकार कळवताना ती रडली नाही. वरच्या खोलीत जाऊन छपरावर डोकं आपटलं, तेव्हा रडली; लागलं म्हणून रडतेय असं स्वतःला सांगत.

निघायच्या दिवशी बस तटाखालच्या त्या पायऱ्यांच्या पायथ्याशीच उभी होती. सामान चढवून ती खिडकीशी बसली. काच अर्धी उघडी होती. वरून घोळक्याचा गलबला ऐकू आला आणि मग त्याचा आवाज. तिने काच लावायला हात नेला, पण हात काचेवरच राहिला.

"ही खिडकी," तो म्हणाला, आणि थांबला. "ही मिठाच्या कोठाराची खिडकी आहे. आत हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली. आतून खाली जमीन नाही. इथे कधीच कुणी उभं नव्हतं."

"आम्ही तर ऐकलं होतं काहीतरी गोष्ट आहे म्हणून," एक बाई हिरमुसून म्हणाल्या.

"नाही हो," तो म्हणाला. आवाज साधा होता, जरा घोगरा. त्यात काही लावलेलं नव्हतं. "गोष्ट नाही काही. चला पुढे."

अख्खा उन्हाळा तिने भांडून भांडून हेच त्याच्याकडून मागितलं होतं. ती उठून उभी राहिली. एवढ्यात बस सुटली, धक्क्याने ती परत खाली बसली, आणि पुन्हा उठली नाही. सकाळी घरी फोन करून ती आईला म्हणाली होती, निघाले ग. आई रडली होती आनंदाने.

तिने मान वळवून मागे पाहिलं. सीटवर गुडघा टेकून, मागच्या प्रवाशांच्या डोक्यांवरून पाहत राहिली. घोळका पायऱ्या उतरत होता आणि तो पाठमोरा उभा होता, सगळ्यांना जपून उतरा म्हणत. वळणावर तो दिसेनासा झाला. मग तट गेला, मग ती खिडकी. ती तरीही मागेच बघत होती.

त्याच्या गोष्टीत एवढं एक चुकलं होतं. पण त्याची चूक दाखवायला आता तिथे कुणी नव्हतं.