कापलेली पावलं

माझ्या कामाचा भुताखेतांशी काडीचा संबंध नाही. आवाज आणि हादरे मोजायचे, आकडे लिहायचे, सही करून मोकळं व्हायचं. गावाबाहेरचा कचरा डेपो वाढवायचा होता आणि त्याच्या कुंपणाला लागून एकच घर उरलं होतं. तिथं आत्ता किती हादरे बसतात ते मोजायला साहेबांनी मला पाठवलं. दिवस मुद्दाम सुट्टीचा निवडलेला, म्हणजे डेपोतली सगळी यंत्रं बंद आणि आकडा कमीत कमी.

घरात एक वयस्कर मावशी एकट्याच राहायच्या. हादऱ्यांचा त्रास कागदावर दिसला तर त्यांना दुसरीकडे घर मिळणार होतं, नाही दिसला तर मरेपर्यंत इथंच. आधी दोघं मोजून गेले आणि दोघांनीही शून्य लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. यंत्र खोटं बोलत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

आमच्या कामात एक पथ्य असतं. माणूस चालला की जमीन हलते, म्हणून मोजणी चालू असताना जागचं हलायचं नाही. तरी कुणाची पावलं उमटलीच, तर ती नंतर नोंदीतून कापून टाकायची. मी एक सेन्सर अंगणात ठेवला, दुसरा आतल्या खोलीत. मावशींना बाहेरून कडी लावून पायरीवर बसायला सांगितलं आणि मी खुर्चीत बसले. एक तास.

खोलीला खिडकी नव्हती. कचऱ्याचा आंबूस वास भिंतीतूनच पाझरत असावा. दहाएक मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावरची रेघ उडाली. मग परत, परत, सारख्या अंतरानं. सरळसरळ पावलं होती. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, चालू नका ना."

"मी बसलेय गं," पायरीवरून आवाज आला.

पावलं आधी अंगणातल्या सेन्सरवर उमटत होती, मग खोलीतल्या. म्हणजे कुणीतरी डेपोकडून घराकडे येत होतं. थोड्या वेळानं दोन्हींवर एकदम उमटली. मग आधी खोलीत. आवाज मात्र कसलाच नाही. फरशीच्या खालून माझ्या तळपायाला काहीतरी टेकत होतं. मी उठून दाराकडे एक पाऊल टाकलं. खालीही एक पाऊल पडलं. मी थांबले, तेही थांबलं.

"मावशी... दार उघडा..."

"खाली आलं का?" त्या अगदी हळू बोलल्या. "मग हलू नकोस. कंटाळलं की जातं..."

किती वेळ तशी उभी होते, सांगता येत नाही. पायांना मुंग्या आल्या, पण पाऊल उचलायची छाती झाली नाही. शेवटी दार उघडलं. मावशींनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं.

"आता लिहिशील ना?"

लिहीन म्हटलं, आणि लिहिलं नाही. साहेबांनी रेघ पाहिली आणि ही माणसाची पावलं आहेत, काप म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. मी भित्री. कापलं, शून्य लिहिलं, सही केली.

दोन महिन्यांनी काम सुरू व्हायच्या आधी पुन्हा मोजणी आली. डेपोच्या वॉचमननं सांगितलं, मावशी आठवडाभर दिसल्या नाहीत म्हणून दार तोडलं. कडी आतून होती, चपला दारात होत्या, घर रिकामं. मला जायचं नव्हतं, पण त्यांना तसंच टाकून परत फिरवेना. त्याच खोलीत बसले. पडद्याकडे बघायचा धीर नव्हता. तळपायांना मात्र कळत होतं. या वेळी ते एकटं नव्हतं. दोघं होते, शेजारी शेजारी, आणि माझ्या खुर्चीखाली येऊन थांबले. "चुकले मी, मावशी..." एवढंच म्हणता आलं. तास संपेपर्यंत मी रडत होते.

या खेपेला मी काहीच कापलं नाही. सगळी नोंद साहेबांपुढे ठेवली आणि दोघांच्या पावलांबद्दल सांगून टाकलं. ते हसले नाहीत. बराच वेळ रेघ बघत राहिले.

"दोघं नाहीत, तिघं आहेत," ते म्हणाले. "हा तिसरा बाहेरून आलेलाच नाही. खोलीतच सुरू होतो आणि त्या दोघांबरोबर डेपोकडे जातो. तू मध्येच उठली होतीस का?"

मी तासभर पाय उचलला नव्हता.