झालं बाई एकदाचं

"मी सही करणार नाही," आत येता येताच बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

कशावर, हे मावशीने विचारलं नाही. खाजगी तपास करणाऱ्याने निम्मं काम कानांनी करावं, असं तिचं मत. उरलेलं निम्मं, म्हणजे गाडी चालवणं आणि चुकीचे तर्क करणं, भाच्याकडे होतं.

बाई एका मोठ्या इस्पितळात पगाराचे प्रोग्रॅम लिहीत. सगळे त्यांना पगारबाईच म्हणत. तिथला सगळा कारभार एका मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच अवाढव्य संगणकावर चाले: रुग्णांची नोंद, औषधं, पगार. गेल्या आठवड्यात भर दुपारी ते यंत्र गुदमरलं आणि एका अत्यवस्थ म्हाताऱ्याला नोंदणीसाठी दारातच ताटकळावं लागलं. म्हातारा वाचला, पण खापर फोडायला डोकं हवंच होतं. कुठल्या कामाने प्रोसेसर किती वापरला, याचा मागच्या काही महिन्यांचा आलेख काढला गेला. रोज दुपारी पगाराचा पट्टा थेट वर चढलेला.

"पगार महिन्यातून एकदा होतो," बाई म्हणाल्या. "रोज दुपारी मी कुणाचा काढते, भुतांचा?"

संचालकांनी खाली बाईंचं नाव छापलेला कागद पुढे सरकवला होता: 'माझ्या कामामुळे यंत्र बंद पडले, ही चूक मला मान्य आहे.' सही केली तर गुपचूप घरी, नाही तर बडतर्फी. यंत्रावरचा त्यांचा प्रवेश त्याच दिवशी बंद केला होता.

आलेखाला काम कुणाचं ते कळतं कसं, असं भाच्याने विचारलं. कामाच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून, बाईंनी सांगितलं. 'पी-वाय'ने सुरू झालं की ते पगारात जमा. ते यंत्रावर सोडलं कुणी, म्हणजे चालवायला दिलं कुणी, हे आलेख बघत नाही.

"तुमच्या कामाची आणखी काही खूण?" मावशीने विचारलं.

बाई जराशा लाजल्या. त्यांचं काम संपलं की पडद्यावर निरोप उमटे, 'झालं बाई एकदाचं'. त्यांची आई शेवटचं भांडं पालथं घालताना असं म्हणायची. भाच्याला हसू आलं. मावशी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं इस्पितळाच्या मशीन-रूममध्ये पोहोचले. हाडं गोठवणाऱ्या त्या खोलीत ऑपरेटर कानटोपी घालून बसला होता. इथे नवं कुणी काही लिहीत नाही, तो म्हणाला. जुन्या कामाची नक्कल करायची, नाव बदलायचं आणि सोडून द्यायचं. तो बोलत असतानाच पडद्यावर 'पी-वाय'ची ओळ आली आणि तिच्याखाली: झालं बाई एकदाचं.

भाच्याचा चेहरा उतरला. म्हणजे बाई खोटं बोलत होत्या.

"हा निरोप कुणाकुणाला दिसतो?" मावशीने विचारलं.

"मला, आणि ज्याने काम सोडलं त्याला. बस."

"वर कधी कुणाला सांगितलंत?"

"वर माझ्याशी बोलतंय कोण?"

तिसऱ्या मजल्यावर नव्या प्रकल्पाचे साहेब भेटले. उद्या किती रुग्ण येतील, याचा अंदाज त्यांचा प्रोग्रॅम बांधे. रोज जेवणाच्या सुट्टीत तो वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळतो, तरी आलेखात त्याचा पट्टा दोऱ्याइतका बारीक, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. मशीन-रूमची पायरी आपण वर्षभरात चढलेलो नाही, तिथल्या गारठ्याने नाक चोंदतं, असंही म्हणाले.

"बाई जुन्या वळणाच्या," ते हसले. "कामाच्या शेवटी 'झालं बाई एकदाचं' काय! हे इस्पितळ आहे की स्वयंपाकघर?"

मावशीने त्यांचे आभार मानले, आणि भाच्याला ते जरा जास्तच गोड वाटले.

संध्याकाळी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. कागद टेबलावर होताच.

"आजही दुपारी पगाराचा पट्टा चढला," मावशी म्हणाली. "बाईंचा प्रवेश तर तुम्हीच बंद केलाय. मग काम सोडलं कुणी?"

संचालकांनी आलेख जवळ ओढला.

"नोंदींचा डोंगर रोज उपसायचा आणि प्रोसेसर वापरायचाच नाही, हे कसं जमतं? दुसऱ्याच्या नावावर वापरला तरच. साहेबांनी बाईंच्या कामाची नक्कल केली. आतलं सगळं बदललं, पण नाव तेच राहिलं आणि शेवटचा निरोपही."

"चूक झाली असेल," साहेब म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

"होती. तो निरोप फक्त ऑपरेटरला दिसतो आणि काम सोडणाऱ्याला. त्या खोलीत तुम्ही जात नाही, ऑपरेटरशी बोलत नाही. मग तो तुम्हाला तोंडपाठ कसा? रोज समोर उमटत होता. आलेख बारीक दिसतोय आणि कौतुक होतंय, म्हणून गप्प बसलात. म्हातारा दारात पडला होता, तेव्हाही."

काम सोडणाऱ्याचं नाव यंत्रात असतंच, पण आलेख हाती आल्यावर ते बघायची गरज कुणालाच वाटली नव्हती. मावशीने फोन लावला. ऑपरेटरने मिनिटभरात साहेबांचं नाव वाचून दाखवलं.

बाईंवर संशय घेतल्याची भाच्याला मनापासून लाज वाटली. संचालकांनी घसा साफ केला. झालं ते झालं, म्हणाले. बाईंनी उद्यापासून यावं, फक्त तो घरगुती निरोप तेवढा काढून टाकावा.

"नाही काढणार," बाई म्हणाल्या. "त्यानेच मला वाचवलंय."

मग त्यांनी तो कागद उचलला आणि साहेबांपुढे ठेवला.

"मजकूर हाच राहू द्या. फक्त या वेळी नाव बदलायला विसरू नका."