पिंप्याची राखण

तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मला आता त्याचं काही वाटत नाही. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, त्यांना हे सगळं माझ्या आधीच माहीत होतं.

हे माझ्या स्वतःच्या घरात घडलं. हिवाळ्यातला गुरुवार, वेळ दिवेलागणीची. शहर संपतं तिथे बैठ्या घरांची एक ओळ आहे, त्यातलं शेवटचं घर आमचं. मागे छोटं अंगण, त्याला कमरेएवढी भिंत आणि भिंतीत लोखंडी फाटक.

फाटकापलीकडे मोकळं मैदान... बाकी काही नाही.

घरात आम्ही तिघं. मी पडदे शिवते, पुढच्या खोलीत माझं मशीन असतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आणि आमची चिऊ, पाच वर्षांची. पूर्वी मी नवऱ्याबद्दल बोलताना 'हे' म्हणायचे. आता तोंडातून निघत नाही.

ओळीत एक घरफोडी झाली आणि नवऱ्याने कुत्रा आणायचा धोशा लावला. त्याची धाकटी बहीण प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करते. घरात सगळे तिला ठमी म्हणतात, मीही तेच म्हणते. मी तिला सांगितलं होतं की मांडीवर मावेल असं एखादं पिल्लू बघ.

तिने जो आणला, त्याला दारातून आत यायला अंग चोरावं लागलं. पांढरा, झिपरा, पाण्याच्या पिंपाएवढा.

"मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात आहे गं वहिनी, थोडी भेसळ असेल," ठमी म्हणाली. "पण अगदी गरीब. कानात बोट घाल, जांभई देईल."

चिऊने घातलं. त्याने खरंच जांभई दिली. नाव तिथेच ठरलं, पिंप्या.

खोटं कशाला बोलू, मी जीव लावला त्याला. गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या सॅटिनवर तो खुशाल लोळायचा. मी ओरडले की एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा घोरायचा. चिऊ त्याच्या पोटावर डोकं ठेवून चित्रं काढायची.

"एवढा गुणी कुत्रा सोडला कुणी?" मी ठमीला विचारलं होतं.

तिने आधी भावाकडे बघितलं.

"मालक मेंढपाळ होता. वारला बिचारा."

"मग?"

"मग काय, आला आमच्याकडे." आणि ती बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती. हे मला आता आठवतंय.

जाताना तिने एक गोष्ट मात्र सांगितली. हे कुत्रे कळपाकडे पाठ करून बसतात, तोंड कायम धोक्याकडे. त्याने तुमच्याकडे पाठ केली की समजायचं, तुम्हाला आपलं मानलं.

आठवडाभरात पिंप्या मागच्या दारात बसायला लागला. पाठ आमच्याकडे, तोंड अंगणाकडे. मला केवढा अभिमान! नवऱ्याला म्हटलं, "झालो बाई आपण मेंढ्या!"

तो हसला. पण उशिरा हसला.

मग एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले. पिंप्या फाटकाजवळ बसला होता.

पाठ मैदानाकडे...

तोंड घराकडे.

तो माझ्याकडेच बघत होता. शेपूट हलत नव्हती.

"अरे, मी आहे!" मी हसून म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. त्याच्या पाठीमागे अख्खं मैदान रिकामं होतं. मग तो राखत कुणाला होता?

आणि धोका कोण... मी?

अंधार पडला, तसा तो उठला. मोठी जांभई दिली आणि येऊन माझ्या मांडीला डोकं घासलं. जणू मघाचा कुत्रा वेगळाच होता.

जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. "गार वारा आवडतो त्याला," तो म्हणाला. ताटातून मान वर केली नाही.

त्यानंतर मात्र तो कामावरून लवकर घरी यायला लागला. अंधार पडायच्या आत. मला वाटलं, लेकीची ओढ. मनात म्हटलं, नशीबवान आहे मी.

नशीबवान!

त्या गुरुवारी एका हॉटेलचे पडदे द्यायचे होते. दुपारपासून मशीन चालू होतं. बाहेर धुकं उतरलेलं. नवरा आत चहा टाकत होता, चिऊ मागच्या खोलीत पिंप्याशी बोलत होती.

वीज गेली.

मशीन थांबलं.

आणि मला ऐकू आलं...

टक्... टक्... टक्... जीभ टाळ्याला लावून काढतात तसा आवाज. मग लांबलचक, दमलेल्या गळ्याचा... हेऽऽऽ...

म्हातारं माणूस जनावरांना घरी हाकारतं, तसा.

आवाज मैदानातून येत होता. रोज याच वेळी माझं मशीन धडधडत असायचं. किती दिवस येत होता हा आवाज... आणि मी शिवत बसले होते!

"चिऊ?"

मी उठून आत गेले.

मागच्या खोलीत खडू सांडलेले. चिऊची एक चप्पल उंबऱ्याशी.

मागचं दार उघडं.

मी धावले. पिंप्या फाटकाकडे चालला होता, सावकाश, तिची पावलं बघून. चिऊची मूठ त्याच्या मानेच्या केसांत. फाटक सताड उघडं होतं. मी स्वतः दुपारी त्याला कडी घातली होती.

पलीकडे नुसतं धुकं. पण त्या धुक्यातून आवाज येत होता... असंख्य बारीक खुरांचा. टपटप, टपटप. आणि ओल्या लोकरीचा वास. डोळ्यांना एक मेंढी दिसेल तर शपथ.

"चिऊ! मागे फिर!"

बिस्किटाचा पुडा वाजला तरी धावत येणारी पोर... तिने मानसुद्धा वळवली नाही.

मी झेप घेतली आणि तिचा फ्रॉक मागून पकडला.

पिंप्या वळला. ते धूड आमच्या दोघींच्या मधे घुसलं. ओठ वर गेले, दात दिसले, आणि तो गुरगुरला. पहिल्यांदाच. माझ्यावर.

मी हाताने भरवलं होतं त्याला. त्याच्या पायात काटा गेला तेव्हा तासभर काढत बसले होते. आणि आता त्याच्या लेखी मी कोण होते? कळपातलं कोकरू पळवायला आलेलं जनावर.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पायरीवर नवरा दिसला. सुटले, असं वाटलं. आता हा धावत येईल.

तो आला नाही. पायरीवरच उभा राहिला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देतो ना, त्या आवाजात म्हणाला,

"ओढू नकोस. नुसती धरून ठेव. अंधार पडला की थांबतं ते."

मी धरून ठेवलं. चिऊ पुढे रेटा देत होती आणि फ्रॉक ताणला जात होता. शिलाई माझीच होती, दुहेरी. पिंप्याचा गरम श्वास माझ्या मनगटावर. समोर कुणीतरी हाकारत होतं... टक्... टक्... हेऽऽऽ...

आता अगदी फाटकापाशी.

मग धुक्यातला शेवटचा उजेड गेला. हाक मधेच तुटली.

पिंप्या खाली बसला. जांभई दिली. माझा हात चाटला.

"आई, थंडी वाजते," चिऊ म्हणाली.

तिला आत नेलं, दोन पांघरुणं घातली, सगळ्या कड्या लावल्या. तोवर माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. अंधार पडला की थांबतं ते.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

त्याने नुसतं ठमीचं नाव घेतलं. मी त्याच्याच फोनवरून ठमीला लावला, स्पीकरवर.

"अगं, आधी दोन घरी दिला होता त्याला," ती चाचरत म्हणाली. "पहिल्या घरी शेळ्या होत्या. एका संध्याकाळी त्याच्यामागे चालत निघाल्या. तो परत आला. शेळ्या... नाही."

"आणि दुसऱ्या घरी?"

"तिथे एक आजारी गृहस्थ होते. सकाळी माळावर सापडले. बसलेले."

"जिवंत?"

"ते तसेही विसरभोळे होते गं वहिनी..."

"आणि असला कुत्रा तू पाच वर्षांच्या पोरीच्या घरात आणून सोडलास?"

"तिसऱ्यांदा परत आला असता तर त्याला कायमचं झोपवायची सुई दिली असती! मी जिवापाड जपलंय त्याला. आणि मी लपवून नाही दिला, खरंच. दादाला सगळं सांगितलं होतं. शेळ्यांचं... त्या गृहस्थांचं... अंधार पडला की थांबतं, तेही..."

मी दादाकडे बघितलं.

"ठमी रडत होती," तो म्हणाला. "मला वाटलं, संध्याकाळी मी घरी असेनच. लक्ष ठेवेन."

"ठेवलंस की. पायरीवर उभं राहून." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे करत होते. "बहिणीचे डोळे पुसायला माझी पोर वापरलीस?"

"मीही घाबरलो होतो गं."

तेवढं एकच त्या दिवशी तो खरं बोलला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिऊला घेऊन आईकडे आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. पिंप्याला बाहेर काढ, तरच परत येईन, असं सांगितलं होतं. त्याने काढलं नाही. सुई देतील म्हणे. आता त्या घरात ते दोघंच राहतात.

तो रोज संध्याकाळी चिऊला फोन करायचा. मी करू देत होते. कितीही झालं तरी बाप आहे.

गेल्या आठवड्यात चिऊ फोन कानाला लावून बसली होती. बोलत काहीच नव्हती. मधूनच मान हलवायची. मी भाजी निवडत होते, लक्ष गेलं ते तिच्या पायांकडे.

एका हाताने ती बूट घालत होती.

मी फोन हिसकावला आणि कानाला लावला.

टक्... टक्... टक्...

हेऽऽऽ...

गळा म्हाताऱ्याचा नव्हता. आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

नंतर त्याने शपथा घेतल्या. म्हणाला, "मी तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. फोन वर पिशवीत होता. तिथल्या वॉचमनला विचार." ठमीनेही फोन केला. म्हणाली, "वहिनी, दादा खोटं बोलायचा नाही."

मी हसत सुटले. आई घाबरून आतून धावत आली.

तो खरं बोलत असेल, तर आता त्या हाकेला माझ्या नवऱ्याचा आवाजही काढता येतो. खोटं बोलत असेल, तर तो स्वतःच्या मुलीला हाकारत होता. यातलं काय खरं असावं, काय असलेलं मला परवडेल, ते ठरवता येत नाही. एके काळी तो दारात खोकला तरी मला ओळखू यायचं की आज दिवस कसा गेला. आता तो माझ्यासमोर बसून रडला, तरी मला काही कळणार नाही.

चिऊ माझ्याशी धड बोलत नाही. बाबांचा फोन मी तोडला, याचा राग आहे तिला.

काल अंधार पडायच्या सुमाराला ती खिडकीत उभी होती. मी जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हळूच काढून टाकला.

"आई, तू धरून ठेवतेस ना," ती म्हणाली, "म्हणून सगळे थांबलेत खाली."

मी खाली बघितलं नाही.