बुरसलेला चारा

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना सांभाळते. बोटाला सुई टोचायची, थेंब यंत्राला द्यायचा, रक्त किती पातळ झालंय तो आकडा बघून वारफारिनचा, म्हणजे त्याच गोळीचा, डोस ठरवायचा. आकडा उतरला की गुठळीची भीती, चढला की रक्त वाहायची. यात भुताखेतांचं काही काम नाही.

सेल्मा टोलेफसनच्या हृदयात धातूची झडप होती. तिचा आकडा तीनच्या आसपास हवा. त्या हिवाळ्यात तो पाच आला. मी डोस कमी केला, तर सहा. मग गोळी बंदच केली, तर आठ!

"खरं सांगा सेल्माबाई, चोरून गोळ्या खाताय ना?"

"मी काय कुकुलं बाळ आहे?" ती फणकारली. तिच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं.

"मग खाता तरी काय?"

"बाबा वाढतात ते."

तिच्या बाबांना पुरून उभा जन्म लोटला होता. वयाने भरकटली असेल, म्हणत मी तिला मोठ्या इस्पितळात धाडलं आणि गोळ्यांची बाटली बघायला तिचं घर गाठलं. तिथे तिचा धाकटा भाऊ एनार असतो. बाटली भरलेली होती. स्वयंपाकघरात मात्र गोडसर, कुबट वास कोंडला होता.

"क्लोव्हर गवताचा चारा," एनार म्हणाला. "बुरसला की असाच येतो."

गुरं केव्हाच विकली होती, गोठाही पाडला होता. बुरसलेल्या क्लोव्हरने गुरांचं रक्त गोठत नाही, त्यातूनच वारफारिन निघालं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"दुष्काळ होता," तो म्हणाला. "बाबांना चारा फेकवेना. वासरांना घातला. मग शिंगं कापली आणि एकेक वासरू रक्त वाहून गेलं. तरी बाबा काही वाया जाऊ देत नाहीत."

"देत नव्हते," मी म्हटलं.

इस्पितळात सेल्माचा आकडा तीनवर आला. हुश्श झालं! तिला घरी सोडायच्या आदल्या दिवशी एनारचा फोन आला. या माणसाने आयुष्यात डोकेदुखीचीही गोळी घेतलेली नाही.

"सकाळी दाढी करताना जरा कापलं बघ. दुपार झाली, थांबतच नाही."



"काका, गाडी पाठवते. आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा."

"येतो की. ताटातलं संपवतो नि येतो."

"ताटात काय आहे?"

काहीतरी कोरडं, सावकाश चावल्याचा आवाज येत राहिला.

मग फोनपासून तोंड वळवून तो हळूच म्हणाला, "आता नका वाढू, बाबा. पोट भरलं."